इंग्रजी ‘नीट’ आणि आपलं ‘नीट’

मागच्या अंकात एका वाचकाने ‘फेअर कॉपी’, म्हणजे कच्च्यावरून उतरवलेली स्वच्छ प्रत, म्हणजे काय असं विचारलं होतं. उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की इंग्रजी ‘नीट’ म्हणजे आपलं ‘नीट’ नव्हे. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी ‘फेअर कॉपी’वर आली नाहीत. निपाणी, अथणी, चिकोडी, खानापूर, शहापूर, सगळीकडून. चौतीस वर्षं बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द इतक्या जणांना छळतो हे सोप्यात बसून ही पत्रं उघडताना कळलं. म्हणून या महिन्याचं सदर या शब्दालाच. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा परक्याला ‘इंग्रजी नीट’ म्हणते आणि घरच्याला ‘आपलं नीट’.

नंदगडचे एक तरुण वाचक : बाई, मी गोव्यात हॉटेलात वाढप्याचं काम करतो. एका पाहुण्याने व्हिस्की मागवली आणि वर ‘नीट’ म्हणाला. मी ग्लास परत एकदा पुसला, खाली कागदी रुमाल घडी मोडू न देता ठेवला, आणि नेहमीसारखं पाणी-बर्फ घालून नेऊन दिलं. त्याने ते परत पाठवलं. मला सगळ्यांसमोर बोलणी बसली. माझं काय चुकलं?

तुम्ही शब्दाचा शाळेतला ‘टापटीप’ हा अर्थ घेतलात आणि त्याप्रमाणे मनापासून काम केलंत. तुम्हाला बोलण्याऐवजी कुणीतरी दोन मिनिटं काढून सांगायला हवं होतं. मद्याच्या बाबतीत इंग्रजी नीट म्हणजे बाटलीतून ग्लासात, जशीच्या तशी. पाणी नाही, सोडा नाही, बर्फ नाही. आपल्याकडे याला ‘कोरी’ म्हणतात. दूध न घातलेला चहा कोरा, तशी ही कोरी. ‘ऑन द रॉक्स’ म्हणाला तर बर्फाच्या खड्यांवर ओतायची. ‘स्ट्रेट अप’ म्हणाला तर बहुधा बर्फाबरोबर घोळवून गार करायची आणि मग गाळून, ग्लासात बर्फ न ठेवता द्यायची. हे तीन शब्द वहीत लिहून ठेवा, गोव्यात रोज लागतील.

आता हा अर्थ आला कुठून? लॅटिनमध्ये ‘नितिदुस’ म्हणजे चकाकणारा. त्याचं फ्रेंचमध्ये ‘नेत’ झालं, अर्थ स्वच्छ, निर्मळ. तिथून सोळाव्या शतकात तो इंग्रजीत ‘नीट’ होऊन आला. ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते निर्मळ, म्हणून भेसळ नसलेली वाइन ‘नीट’, आणि पुढे पाणी न घातलेली दारूही ‘नीट’. चकाकीपासून निर्मळपणापर्यंतचा हा प्रवास आपल्याला नवा नाही. आपण भांडी लख्ख घासतो, पावसानंतर लख्ख ऊन पडतं, आणि एखादी गोष्ट आपल्याला लख्ख आठवते.

हाच अर्थ आणखी एका ठिकाणी भेटतो आणि तिथे तो माहीत नसला तर नुकसान होतं. फवारणीच्या औषधांवर, फरशी पुसायच्या द्रावणांवर कधीकधी ‘डू नॉट यूज नीट’ असं छापलेलं असतं. म्हणजे पाणी न घालता वापरू नका. माझ्या शेजारणीकडे परदेशातून अशी एक बाटली आली होती. तिने त्याचा अर्थ ‘फार नीटनेटकेपणाने वापरायची गरज नाही’ असा लावला आणि झाकणभर द्रावण तसंच ओट्यावर ओतलं. कडप्प्याचा काळा ओटा. पुसून घेतल्यावर तळहाताएवढा पांढुरका डाग उमटला, तो आजही आहे. ती त्यावर गॅसचं लायटर ठेवते.

निपाणीचे एक व्यापारी : गुळाच्या, साखरेच्या पोत्यावर ‘नेट वेट’ छापतात. नेट म्हणजे जाळं हे मला ठाऊक आहे. वजनाला जाळं कशाला? आणि तुमच्या त्या ‘नीट’शी याचा काही संबंध आहे काय? नातू नेटानं अभ्यास करतो, पण हातातलं नेट सोडत नाही, त्याला विचारलं तर तो हसतो.

संबंध आहे, आणि अगदी सख्खा आहे. आता सांगितलेला तो फ्रेंच ‘नेत’ इंग्रजीत दोन रूपांनी शिरला. एक झाला नीट, दुसरा झाला नेट. पोत्यावरचं नेट म्हणजे निर्मळ, काहीही वरचं न धरलेलं वजन. तुमच्या अडतीत जे रोज चालतं तेच : काट्यावर भरलेलं पोतं ५१ किलो भरलं, बारदान १ किलो धरलं, राहिला ५० किलो माल. पहिलं ‘ग्रॉस’, मधलं ‘टेअर’, उरलेलं ‘नेट’. टेअर हा शब्द मूळचा अरबी, अर्थ वजा टाकलेलं. आपलं बारदान फारसीतलं. व्यापाराचे शब्द असे चारी दिशांनी पोत्यात येऊन बसलेले असतात. नफ्याच्या हिशोबातला ‘नेट प्रॉफिट’ही हाच, खर्च वजा जाता निव्वळ. जुन्या डब्यांवर शेवटी दोन ‘टी’ घातलेलं ‘नेट’ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका, तेही चालत आलेलं ब्रिटिश वळण आहे.

जाळं म्हणजे नेट हा शब्द निराळा. तो इंग्रजीचा घरचा जुना शब्द, लॅटिनमधून आलेला नाही. तुमचा नातू ज्या नेटवर असतो ते हे जाळं. आणि तो नेटानं अभ्यास करतो तो नेट तर आपला मराठी, जोर आणि चिकाटी या अर्थाचा. तुमच्या पत्रातल्या एका ओळीत दोन नेट आहेत आणि पोत्यावर तिसरं. नातवाला हे वाचून दाखवा.

शहापूरच्या एक आजी : अमेरिकेतल्या नातवाला फोनवर मांडे करताना दाखवले. तो ओरडला, ‘आजी, दॅट्स सो नीट!’ माझ्या पदरावर, ओट्यावर, जमिनीवर मैदा सांडलेला. पोर चेष्टा करत होतं का?

नाही आजी, तो खूश होऊन बोलला. अमेरिकेत गेल्या शतकापासून इंग्रजी नीट बोलण्यात ‘भारी’, ‘मस्त’ अशा अर्थानेही वापरतात. तिथल्या पोरांच्या तोंडी अजूनही ऐकू येतो. मैद्याच्या पसाऱ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

पण मला वाटतं त्याच्या बोलण्यात आणखी एक छटा असणार. एखादी अवघड गोष्ट फारसा व्याप न करता, हाताच्या सफाईने साधली की तिलाही इंग्रजीत नीट म्हणतात. गणितात चार पानांचं उत्तर कुणी चार ओळींत काढलं तर ते ‘नीट सोल्यूशन’. तुम्ही तो कणकेचा गोळा लाटण्याने न लाटता दोन्ही हातांच्या मनगटांवर झुलवत मोठा करता, तो पातळ होत होत कोपराकडे उतरतो, त्यातून पलीकडचा दिवा दिसायला लागतो, आणि कुठेही न फाटता तो पालथ्या खापरावर पडतो. मी लहानपणापासून बघत आले आहे आणि मला अजून जमलेलं नाही. त्याने ‘नीट’ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? याला मराठीत आपण ‘काय हात आहे!’ म्हणतो.

अथणीचे एक चप्पल कारागीर : आम्ही कोल्हापुरी चपला करतो. बाहेरच्या देशातल्या एका ग्राहकाने कळवलं की चामडं मऊ राहायला ‘नीट्सफूट ऑइल’ लावा. पाय नीट राहायचं तेल असं काही आहे का? दुकानात विचारलं तर कुणाला माहीत नाही.

बरं झालं विचारलंत. इथला ‘नीट’ वर सांगितलेल्या घराण्यातला नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘नीट’ म्हणजे गाय-बैल, गुरं. गुराख्याला ‘नीटहर्ड’ म्हणत. बोलण्यातून तो शब्द गेला, फक्त या तेलाच्या नावात अडकून राहिला. ‘नीट्सफूट’ म्हणजे गुराचा पाय. गुरांच्या नडगीची आणि पायांची हाडं उकळून हे तेल काढतात. घोड्याचं खोगीर, पट्टे, बूट यांचं चामडं मऊ ठेवायला ते फार पूर्वीपासून वापरतात. चामड्याचा रंग त्याने थोडा गडद होतो, म्हणून वापरायचंच ठरवलंत तर आधी एखाद्या तुकड्यावर लावून बघा. ते कशापासून होतं हे सांगितलं, हवं की नको ते तुम्ही ठरवा. ग्राहकाला उत्तर लिहिताना ‘आम्ही आमच्या पद्धतीचं तेल लावतो’ असं कळवलंत तरी त्यात काही कमीपणा नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपला बेळगाव आहे. तुमच्या हातच्या पद्धतीला आता कागदावरही मान आहे.

चिकोडीचे एक शेतकरी वाचक : टापटीप याला इंग्रजीत ‘नीट’ म्हणावं की ‘टायडी’? पुतण्या म्हणतो दोन्ही एकच.

खोली आवरलेली असली तर दोन्ही चालतात. फरक असा की टायडीत वस्तू जागच्या जागी असण्यावर भर आहे आणि नीटमध्ये दिसण्याच्या रेखीवपणावर. अक्षर नीट असतं, कपाट टायडी असतं. पण तुम्ही शेतकरी आहात म्हणून या टायडीचं मूळ सांगायलाच हवं. ‘टाइड’ म्हणजे आज आपण भरती-ओहोटी समजतो, पण त्या शब्दाचा जुना अर्थ वेळ, काळ. त्यावरून ‘टायडी’ म्हणजे मुळात वेळेवरचं, हंगामातलं. नंतर चांगल्या स्थितीतलं, अंगाने भरलेलं, आणि खूप पुढे जाऊन आवरलेलं. तुम्ही घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की नाही हे मूठभर माती दाबून बघता ना? घात साधून केलेली पेरणी ही खऱ्या जुन्या अर्थाने टायडी. ‘टायडी सम’ म्हणजे मात्र आवरून ठेवलेली रक्कम नव्हे, बऱ्यापैकी मोठी रक्कम.

बेळगाव शहरातील एक पालक : डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं ‘नीट’ नाव याच शब्दावरून आहे का?

नाही. ती इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत, राष्ट्रीय पात्रता आणि प्रवेश परीक्षा अशा अर्थाची. स्पेलिंगही वेगळं, मध्ये दोन ‘ई’ आहेत. तुम्ही पुढे भाषेचंही विचारलं आहे. प्रश्नपत्रिका तेरा भाषांत निघते, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. पण आजवरच्या माहितीपत्रकांप्रमाणे मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. आपल्याकडच्या मुलांनी अर्ज भरताना भाषा आणि केंद्र हे दोन्ही रकाने एकत्र बघून भरावेत.

खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका : मी मराठी शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. मुलं ‘सिट नीट’, ‘स्पीक नीट’, ‘गो नीट अँड टर्न लेफ्ट’ असं लिहितात. चाचणीत एकाने आजारी भावाबद्दल ‘ही इज नॉट नीट’ लिहिलं. किती वेळा सांगितलं तरी सुटत नाही. मूळ शब्द एकच आहे का? आणि अशा वाक्यांना गुण द्यावेत की नाही?

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हा माझा जुना विषय आहे.

मूळ एक नाही. इंग्रजी नीट लॅटिनमधून आला, ते वर आलंच आहे. आपलं नीट इंग्रजांकडून घेतलेलं नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ते सरळ, योग्य या अर्थाने आहे, आणि तो कोश पहिल्यांदा निघाला १८३१ साली, बोलणाऱ्या लोकांकडून शब्द गोळा करून. काही जण ‘नीटनेटका’ हा अर्धा इंग्रजी शब्द समजतात, त्यांना दासबोधातली ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ ही ओळ दाखवावी. ती सतराव्या शतकातली. बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तो १८१८ साली.

मग मुलं का चुकतात? आपल्या भागात तर याला आणखी एक कारण आहे असं मला वर्गात सतत जाणवायचं. वाड्यात मराठी आई ‘नीट बस की रे’ म्हणते, आणि भिंतीपलीकडची कन्नड अव्वा आपल्या पोराला ‘नेट्टग कुंद्रु’ म्हणते. ‘नेट्टग’ म्हणजेही सरळ, नीट. मुलाच्या कानावर दोन्ही घरांतून एकसारखा आवाज पडत असतो. तिसऱ्या भाषेच्या तासाला तोच आवाज आला की त्याला वाटतं, हे तर आपलंच. त्याचा तो आनंद खरा असतो, म्हणून ही चूक इतकी चिवट आहे.

सांगायचं कसं? मी असं सांगत असे, की इंग्रजी नीट डोळ्यांना दिसतो. वहीचं पान, अक्षर, केसांचा भांग, घडी घातलेला रुमाल. तो वस्तूचं दिसणं सांगतो. आपलं नीट करण्यात आणि असण्यात आहे, आणि त्याला एका इंग्रजी शब्दात पकडता येत नाही. ‘नीट बस’ म्हणजे ‘सिट प्रॉपर्ली’. ‘नीट बघ’ म्हणजे ‘लुक केअरफुली’. ‘नीट सांग’ म्हणजे ‘टेल मी क्लिअरली’. ‘नीट समोर जा’ म्हणजे ‘गो स्ट्रेट’, पण गाडी लागायच्या वेळी आजी ‘नीट जा गा’ म्हणते तेव्हा ‘गो सेफली’. सायकल नीट केली तर ‘रिपेअर्ड’. आजारातून माणूस नीट झाला तर ‘रिकव्हर्ड’. एक ‘नीटस’ हा शब्द मात्र इंग्रजीच्या जवळ जातो, नीटस बांधा, नीटस नाक, कारण तोही दिसण्याचाच आहे. फळ्यावर डावीकडे फक्त ‘नीट’ लिहा आणि उजवीकडे मुलांनाच एकेक इंग्रजी शब्द आणायला सांगा. फळा भरतो.

आता गुणांचं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. ‘सुट्टीबद्दल मैत्रिणीला पत्र’ असा विषय दिला होता. जांबोटीकडची एक मुलगी बेळगावात मामाकडे राहून शिकत होती. शांत, मागच्या बाकावर बसणारी. तिने लिहिलं होतं, ‘माय मदर इज नॉट नीट. आय कुक.’ मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, आईबद्दल असं लिहू नये. गठ्ठ्यात आणखी चाळीस वह्या होत्या. मी पान उलटलं.

वही परत मिळाल्यावर ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिचे मामा आले. दाराशीच चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, ‘तिची आई नीट नाही हो बाई. दोन महिने झाले.’ मी तेव्हा कुठे ते वाक्य ऐकलं. तिने लिहिलेलं होतं ते हेच, शब्दाला शब्द लावून. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि सुट्टीभर त्या पोरीने घरचा स्वयंपाक केला होता. पत्रात मैत्रिणीला सांगण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं.

ती आल्यावर मी तिची वही मागून घेतली. लाल शाई पुसता येत नाही. समासातलं माझं वाक्य खोडलं, ‘नीट’वर ‘वेल’ लिहिलं, आणि तिला सांगितलं की शब्द एकच बदलायचा होता, बाकी सगळं बरोबर होतं, चुकले मी. ती ‘होय बाई’ म्हणाली. तिला ते पटलं की नाही, मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

त्या वर्षापासून मी एक केलं. वाक्याचा अर्थ विचित्र लागला की रेघ मारण्याआधी मुलाला बोलावून विचारायचं, ‘तुला मराठीत काय म्हणायचं होतं?’ दहातल्या आठ वेळा मराठी वाक्य अगदी शहाण्यासारखं निघतं. वेळ लागतो, गठ्ठा घरी न्यावा लागतो.

तुमच्या ‘सिट नीट’ला गुण देऊ नका, ते पाठ करून घेता येतं. ‘ही इज नॉट नीट’ला अर्धा गुण द्या, कारण कर्ता, क्रियापद, नकार सगळं जागेवर आहे. आणि त्या मुलाला भाऊ आता कसा आहे ते विचारा.